खेचर कोणीच पाहिलं नाही

अथेन्स, ४ मार्च

प्रिय अर्गिरोवहिनी,

सादर नमस्कार.

फोनवर तुम्ही नुसता श्वास घेता आणि मी नुसतं हवामान सांगतो. अशा संवादाने टेलिफोन खात्याखेरीज कोणाचं कल्याण होत नाही, म्हणून हे पत्र.

इसिदोरोस गेल्या ऑक्टोबरात इथे आला होता. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मासे बांधून आणलेल्या कागदाच्या पाठीवर, त्याने मला एका तबकाचं चित्र काढून दाखवलं. मस्तगीच्या राळेच्या खड्यांत अडकलेली माती सुरीच्या टोकाने कोरता कोरता तुम्हा बायकांची बोटं हिवाळाभर बधिर होतात, त्यावरचा उपाय. म्हणाला, "क्लेआन्थिस, तू त्या वकिलाकडे दिवसभर परक्यांच्या शोधांची भाषांतरं करतोस. एकदा माझ्याही शोधाला कोट-टाय चढव." मी म्हटलं, चढवतो. तो हसला, दोन सार्डिन जास्त खाल्ल्या आणि बोटीवर चढला. नोव्हेंबरात तो शेतातच, झाडाखाली, गेला. माझा शब्द तेवढा राहिला.

माझ्या मामेभावाचं ते तबक पेटंट कचेरीत दाखल व्हावं, एवढीच माझी इच्छा आहे. अर्जात एक रकाना असतो, 'शोधकर्ता'. अर्ज वारस म्हणून तुम्ही करायचा, पण त्या रकान्यातलं नाव त्याचंच राहतं. ते विकता येत नाही, विकत घेता येत नाही, खोडता येत नाही. आयुष्यभर शाळेत मुलांकडून प्राचीन ग्रीक क्रियापदं घोकून घेतल्यावर मला एवढं नक्की कळलं आहे की माणूस विसरला जातो. दप्तरी लागलेलं नाव मात्र कोणी मागितलं नाही तरी टिकतं. शिवाय थेस्सालोनिकीचा एक कारखानदार आमच्या वकिलांच्या ओळखीचा आहे. संरक्षण मिळालं तर इसिदोरोसच्या नावाने ही तबकं बनवायला तो तयार आहे.

तबक पाठवून द्या. आणि एका प्रश्नाचं उत्तर नीट द्या: अर्जापूर्वी ते घरच्या माणसांखेरीज कोणाच्या पाहण्यात, वापरण्यात आलेलं आहे का? या बाबतीत कायद्याचं सोवळं फार कडक आहे. शोध एकदा चारचौघांत आला की तो शोध उरत नाही, गावगप्पा होते. तुम्ही 'नाही' लिहून कळवलंत की मी लेखणी उचलतो.

जेवत असालच. नसाल तर जेवा.

तुमचा,
क्लेआन्थिस


खियोस, १५ मार्च

भावजी,

पत्र मिळालं. तबक उद्याच्या बोटीने पाठवते. घोंगडीत गुंडाळलं आहे. घोंगडी परत पाठवायची घाई नाही.

आम्ही त्याला खेचर म्हणतो. दोरीला पाय मारला की थरथरतं आणि जागचं हलत नाही.

ईस्टरआधीचे उपास चालू आहेत. मसूर शिजवते. चव कळत नाही, त्यामुळे उपासाचा त्रास नाही.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. घरच्यांखेरीज कोणी पाहिलेलं नाही.

त्याचा कोट अजून खुंटीवर आहे. सगळे म्हणतात काढ. हात वर जातो. मग कशाला वर गेला ते आठवत नाही.

अर्गिरो


अथेन्स, २९ मार्च

प्रिय वहिनी,

खेचर सुखरूप पोचलं. पिरेयसच्या धक्क्यावरच्या हमालाने विचारलं, "मास्तर, आत काय?" मी म्हटलं, गुपित. त्याने घोंगडीचा वास घेतला आणि म्हणाला, "मस्तगीचं गुपित दिसतंय." राळेचा वास लपवणारं वेष्टन अजून कोणी शोधलेलं नाही, तेही कोणीतरी दाखल करावं.

मसुदा तयार केला आहे. ऐका:

'मस्तगीचे राळखडे निर्मल करण्याचे अंकस्थ, कंपनशील तबक. ज्याचे वैशिष्ट्य असे की, त्याच्या तळाशी ताठ वराहकेशांचा दाट थर असून, पादताडित रज्जूच्या योगे तो थर कंप पावतो. त्यामुळे खडे परस्परांवर न घासता केशाग्रांवर लोळतात व त्यांच्या खाचांतील मृत्तिका अधःस्थित थैलीत पडते.'

इसिदोरोसने हे वाचलं असतं तर विचारलं असतं, "हे कुठल्या जनावराचं वर्णन?" पण कचेरीला असंच आवडतं. साध्या भाषेत लिहिलं तर त्यांना वाटतं, शोधही साधाच असणार.

आता एक शंका. त्याने काढलेल्या चित्रात तबकाच्या चारही कडा सरळ आहेत. आलेल्या तबकाची पोटाकडची कड मात्र चंद्रकोरीसारखी आत घासलेली आहे, तीही कानशीने, आणि अशा हाताने की ज्याला सुतारकामापेक्षा राग जास्त येत असावा. केसांचा थर मधोमध झिजून टक्कल पडलं आहे. एका बाईची एका हिवाळ्याची मस्तगी एवढं टक्कल पाडू शकत नाही. मी मास्तर असलो तरी मस्तगीच्या गावातला आहे. आणि पायाच्या दोरीला वेगवेगळ्या उंचीवर चार गाठी आहेत.

तुम्हाला पाय किती, वहिनी?

थट्टा बाजूला. उत्तराची वाट पाहतो.

क्लेआन्थिस


खियोस, २४ एप्रिल

भावजी,

उशीर झाला. मध्ये ईस्टर येऊन गेला. आमच्या घरी सुतक, म्हणून यंदा ईस्टरची लाल अंडी रंगवायची नव्हती. शेजारच्या झाम्बेताने तिच्याकडची आणून दिली. परडीत होती. नंतर कोणी खाल्ली माहीत नाही.

चार गाठी म्हणजे एक झाम्बेताची, एक तिच्या सुनेची, एक म्हाताऱ्या मोस्खूची आणि एक माझी. मोस्खूचे पाय आखूड आहेत.

तुम्ही गाव सोडून फार वर्षं झाली, म्हणून सांगते. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही हे तुम्हाला आठवत असेल. पण घर मस्तगीवाल्याचं असेल आणि हिवाळा असेल तर शेजारणी आपापली पोती घेऊन तिथेच येतात. स्वतःच्या घरी खडे साफ करत नाहीत. इथेच बसतात, इथेच शिजवतात, एखादी इथेच झोपते. त्यांना निरोप द्यायचा असला की लोक आमच्या दारात येतात. तेव्हा त्या घरच्याच असतात. तुम्ही घरच्यांखेरीज म्हणून विचारलंत. मी घरच्यांखेरीज कोणी नाही असं लिहिलं.

तबक कोपऱ्यात होतं. इसिदोरोसने ते पुरं करून ठेवलं होतं, हिवाळा लागला की दाखवीन म्हणाला होता. झाम्बेताने विचारलं, हे काय गं? मी सांगितलं नाही, बोलत नव्हते तेव्हा. तिने स्वतःच मांडीवर घेतलं, दोरीला पाय मारला. म्हणाली, "अगंबाई, हे तर खेचरासारखं थरथरतंय." मग सगळ्या आल्या. कड पोटाला टोचते म्हणून तिनेच कानस मारली. तिला राग येतच असतो, ते तुमचं बरोबर आहे.

नंतर तिच्या नवऱ्याने तसंच अजून एक केलं. वरच्या आळीतल्या बायका दारातून बघून जायच्या.

हे चालत नसेल तर तसं लिहा.

अर्गिरो


अथेन्स, ३ मे

प्रिय वहिनी,

चालत नाही.

मी हे पत्र तीनदा फाडलं. सुंदर वाक्यं लिहिली होती. त्यांचा उपयोग नाही. कायद्याच्या लेखी ज्याने गुपित राखायचं कबूल केलेलं नाही असं एक माणूससुद्धा पुरतं. तुमच्याकडे अख्खी आळी होती. अर्जाच्या आधी तबक जगाला ठाऊक झालं, सबब ते नवं नाही, सबब इसिदोरोसने काही शोधलंच नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात याला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. कायदा करणाऱ्यांच्या घरी शेजारणी येत नसाव्यात.

दुसरी वाट डिझाइनच्या नोंदणीची. तिथे यंत्राची करामत बघत नाहीत, नुसतं रूप बघतात. आणि तो कायदा जरा मायाळू आहे, आपणच दाखवलेल्या वस्तूला वर्षभर माफी देतो. पण या तबकात रूप म्हणण्यासारखं काय आहे, तर ती चंद्रकोर. ती इसिदोरोसची नाही. म्हणजे आकृतीच्या कर्त्याच्या रकान्यात झाम्बेताचं नाव जाईल आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो राहील बाहेर.

आता वकिलांचं म्हणणं सांगतो, जसंच्या तसं: "मास्तर, कचेरी काही तुमच्या गावात येऊन बायकांना विचारणार नाही. बाई सही करत असतील तर मी दाखल करतो." ते आपल्या फायलीसाठी प्रत्येक अर्जदाराकडून एक निवेदन लिहून घेतात. ते सोबत ठेवलं आहे. त्यात एकच वाक्य आहे: 'सदर वस्तू अर्जापूर्वी माझ्याखेरीज कोणीही पाहिलेली वा वापरलेली नाही.' खाली सहीची जागा.

मी तुम्हाला सही करा असं म्हणत नाही. करू नका असंही लिहीत नाही, हे तुमच्या लक्षात येईलच. मला त्याचं नाव त्या रकान्यात पाहायचं आहे. ते एवढं पाहायचं आहे की मी हा कागद पाकिटात घातला.

क्लेआन्थिस


खियोस, १२ मे

अरे क्लेआन्थिस,

मी झाम्बेता लिहिते आहे. तुझं नाक पुसलेलं आहे मी, तेव्हा अहो-जाहोची अपेक्षा ठेवू नकोस.

अर्गिरोच्या टेबलावर पत्रासकट तुझा कागद होता, तो मी वाचला. वाचला म्हणजे काय, समोरच होता. तर कळव तुझ्या वकिलाला की आम्ही कोणीही ते खेचर पाहिलेलं नाही. मी पाहिलेलं नाही, माझ्या सुनेने पाहिलेलं नाही, मोस्खूला तर तसंही दिसत नाही. वरच्या आळीतल्या बायकांनाही मी जाऊन सांगितलं की तुम्ही काय पाहिलं नाहीत ते. एकीने विचारलं, "ते थरथरणारं?" मी म्हटलं, "तेच. ते पाहिलं नाहीस तू."

पाद्रीबुवांना विचारलं, शपथ घेतली तर चालेल का. म्हणाले, शपथ नको, नुसतं सांगा. मग म्हणाले, मी तर दारातूनच आशीर्वाद देऊन गेलो, मी खरंच पाहिलं नाही. त्यांचं खरं असेल. ते नेहमी ताटाकडेच बघतात.

माझ्या नवऱ्याने केलेलं दुसरं खेचर कोंबड्यांच्या खुराड्यात टाकलं आहे. त्यात आता कोंबडी अंडी घालते. कोणी आलं तर आम्ही म्हणू, कोंबडीचं आहे.

आणि मुद्दाम सांगते, ते डाव्या पायाने जास्त चांगलं हलतं आणि खडे ओले असले तर चिकटतात, हेही मला अजिबात माहीत नाही.

त्या डिझाइन का काय त्याच्यात माझं नाव घालायचं नाही. मी काही रेखलं-बिखलं नाही. मला टोचत होतं, मी घासलं.

आता तेवढं अर्गिरोला समजाव. पेन तिच्या हातात दिलं, तर ती पेनाकडेच बघत बसली. इसिदोरोस माझ्या बारशापासूनचा शेजारी. त्याचं नाव व्हायला हवं. एवढ्याशा खोट्याने देव काही खाली येत नाही.

झाम्बेता

ता. क. पत्र वाचून जाळ.


खियोस, २० मे

भावजी,

झाम्बेताने तुम्हाला लिहिलं ते मला तिनेच सांगितलं. आधी म्हणाली लिहिलं नाही. मग सगळं वाचून दाखवल्यासारखं सांगितलं.

त्या दिवशी सगळ्या इथे आल्या होत्या. हसत होत्या. मी कॉफी केली. तुमचा कागद मधे होता. एक म्हणाली, अगं सही कर की, आम्ही कुठे काय पाहिलंय? परत सगळ्या हसल्या. मलाही हसायला हवं होतं. तोंड तसं केलं.

मग मी ते वाक्य वाचलं. माझ्याखेरीज कोणीही नाही.

मला डिसेंबर आठवत नाही. काय खाल्लं, कुठे झोपले, कोण काय बोललं, काही नाही. जानेवारीही नाही. एवढंच आठवतं की माझ्या दोन्ही बाजूंना गुडघे होते. तबक या मांडीवरून त्या मांडीवर जायचं. फिरत फिरत कोणीतरी ते माझ्या मांडीवर ठेवायचं. ठेवलं की पाय मारावा लागायचा, नाहीतर खडे तसेच पडून राहतात आणि पुढची खोळंबते. म्हणून मी पाय मारायचे. त्या हिवाळ्यात माझं तेवढंच हलत होतं.

इसिदोरोसने ते माझ्या बोटांसाठी केलं होतं. बोटांना त्याचा काय उपयोग झाला ते मला सांगता येणार नाही, बोटं तेव्हा लागतच नव्हती.

सही केली तर त्या खोलीत मी एकटी होते असं होतं. त्याचं नाव कागदावर येईल आणि त्या सगळ्या तिथून उठून जातील. त्या उठून गेल्या असत्या तर आज सही करायला मीही नसते.

खोटं बोलायची मला भीती नाही. पाद्रीबुवांना आम्ही सगळ्या दर उपासात मासे खाल्ले नाहीत असं सांगतो. पण हे नको.

त्याचं नाव जातं, ते मला कळतं. नुसतं कळतं, अजून दुखत नाही. तुम्हाला दुखेल. त्याबद्दल मला वाईट वाटायला हवं.

कागद परत पाठवते. कोरा आहे, दुसऱ्या कोणाला वापरता येईल.

अर्गिरो


अथेन्स, ५ जून

प्रिय वहिनी,

कागद पोचला. वकिलांना सांगितलं, अर्ज नाही. त्यांनी विचारलं, "बाई घाबरल्या?" मी म्हटलं, नाही, त्यांना साक्षीदार फार. त्यांना विनोद वाटला. ते हसून दुसऱ्या फायलीकडे वळले; एका माणसाने बाटलीचं बूच शोधलं आहे, त्याची निकड होती.

तुम्ही म्हणता तसं मला दुखलं. आठवडाभर तुमच्यावर रागावलो होतो, हे सांगायला हवं. भाषांतरं करताना जो कोणी परका 'शोधकर्ता' दिसे, त्याच्यावरही रागावलो. डेन्मार्कच्या एका गृहस्थाचं तर नावच चुकीचं लिहून ठेवलं. मग दुरुस्त केलं. त्याने माझं काय घोडं मारलंय?

नंतर एका दुपारी एक गोष्ट ध्यानात आली, जी पहिल्याच दिवशी यायला हवी होती. जगाला ठाऊक असलेल्या वस्तूवर कोणालाच हक्क सांगता येत नाही. आपल्याला नाही, तसा त्या कारखानदारालाही नाही, उद्या कोणी उपटसुंभ तबक उचलून कचेरीत घेऊन गेला तर त्यालाही नाही. अट एकच: ते ठाऊक होतं याचा छापील पुरावा हवा. शेजारणी म्हाताऱ्या होतात, छापलेलं कुठेतरी उरतं.

तुमच्या मस्तगी उत्पादकांचं दर महिन्याला एक चार पानी पत्रक निघतं ना? ज्यात रोगराईच्या सूचना, कोणाची बकरी कोणाच्या झाडात शिरली आणि निधनवार्ता असतात? त्यात तबकाची सबंध रीत चित्रासकट छापू या. कोणीही करावं, कोणीही वापरावं. एकदा छापलं की ते परत गुपित होत नाही आणि कोणाच्या एकट्याचंही होत नाही. कारखानदाराला आता त्यात रस नाही, हे ओघाने आलं. रकाना गेला. पत्रकात रकाने नसतात, म्हणून वाक्यात लिहिलं आहे.

मसुदा, साध्या भाषेत. मला साधं लिहायला कचेरीच्या त्या मसुद्यापेक्षा जास्त वेळ लागला:

'हे तबक आपल्या गावच्या इसिदोरोसने बनवलं. ते मांडीवर घ्यावं. तळाला डुकराचे ताठ केस बसवावेत, खाली मातीसाठी पिशवी बांधावी. दोरीला पायाने ठोका दिला की खडे केसांवर लोळतात आणि माती गळते. खडे कोरडे असावेत. पोटाकडची कड गोल घासून घ्यावी. ही सुधारणा झाम्बेताची. गेला हिवाळाभर आळीतल्या सगळ्या बायकांनी इसिदोरोसच्या घरी बसून ते वापरलं आहे.'

शेवटचं वाक्य कायद्याला हवं आहे. तुम्हालाही हवं असावं, असं वाटलं.

तुमची हरकत नसेल तर कळवा.

क्लेआन्थिस


खियोस, १४ जून

भावजी,

हरकत नाही.

सगळ्या बायकांनी लिहिलं आहे ते तसंच ठेवा. झाम्बेता आधी म्हणाली माझं नाव काढायला सांग. मग म्हणाली राहू दे, त्याने आता लिहिलंच आहे तर.

खुराड्यातलं तबक बाहेर काढलं आहे. कोंबडी रागावली.

अर्गिरो


खियोस, २६ जुलै

भावजी,

झाडांखालची जमीन झाडून मस्तगीच्या थेंबांसाठी पांढरी माती अंथरून झाली. सालीला चिरा पाडायला सुरुवात केली आहे. त्याच्या वाट्याची झाडं मी आणि झाम्बेताचा नवरा करतो. ऊन आहे.

पत्रक छापून आलं. निधनवार्तांच्या शेजारच्या पानावर आहे. चित्र जरा काळं आलंय, पण कळतं.

परवा पलीकडच्या गावातून दोघं आली, नवरा-बायको, तरुण आहेत. हातात पत्रक होतं. म्हणाली, माप घ्यायचं आहे, चित्रावरून दोरीचं कळत नाही. मी तबक काढून दिलं. त्यांनी सुतळीने मोजलं. बाईने मांडीवर घेतलं, पाय मारला आणि एकदम हसली. मी कॉफी केली.

जाताना तिने विचारलं, "मावशी, हे इसिदोरोस म्हणजे कोण? आम्ही कधी भेटलो नव्हतो त्यांना. काय करायचे ते?"

मला वाटलं, एका वाक्यात सांगावं. मस्तगी काढायचा, असं म्हणाले. मग म्हटलं, सुताराकडे राहिला होता लहानपणी. मग तो बोटीवर जेव्हा पहिल्यांदा गेला होता आणि तुमच्याबरोबर चुकीच्या बंदरावर उतरला होता ते सांगितलं. मग तो डुकराच्या केसांसाठी खाटकाशी दोन दिवस भांडत होता ते. तो झोपेत शीळ घालायचा ते. ती दोघं दारातच उभी होती, मग उंबऱ्यावर बसली. मी पण बसले. नोव्हेंबरातला तो दिवसही सांगितला, कुठलं झाड ते हाताने दाखवलं.

त्यांची बस चुकली.

अर्गिरो